घरातलं जड पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जड पाणी घरात तीन ठिकाणी त्रास देतं: जिथे ते तापतं, जिथे त्याची साबणाशी गाठ पडते आणि जिथे ते वाळतं. इलाजही तिथेच करायचा असतो. सगळ्या घराचं पाणी मऊ करायची गरज सहसा नसते. आणि काहीही विकत घेण्याआधी पाणी मोजा, ही आमची आग्रहाची विनंती. बहुतेकांचा पैसा न मोजता घेतलेल्या यंत्रावर वाया जातो.

पाणी जड आहे म्हणजे नेमकं काय? खारं आणि जड एकच का?

एकच नव्हे. चवीला खारट लागणाऱ्या पाण्यात मुख्यतः मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड असतं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, आणि ते पाणी चवीला चक्क गोडही लागू शकतं. पाठ्यपुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात ते हेच. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकांतून झिरपताना हे क्षार सोबत घेतं. म्हणून विहिरीचं आणि बोअरचं पाणी बहुधा जड असतं, पावसाचं मऊ.

जडपणा दोन प्रकारचा. बायकार्बोनेटमुळे येतो तो तात्पुरता: पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या थराच्या रूपात खाली बसतं. सल्फेट आणि क्लोराइडमुळे येतो तो कायमचा, तो उकळून जात नाही. गीझरला पहिला प्रकार छळतो, साबणाला दोन्ही.

किती आकडा म्हणजे फार जड?

जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजतात. पीपीएम म्हणजे व्यवहारात तेच. ६० पर्यंत मऊ, ६१ ते १२० मध्यम, १२१ ते १८० जड आणि त्यापुढे फार जड. काही यंत्रांवर वेगळी मापं छापलेली असतात: १ ग्रेन प्रति गॅलन म्हणजे १७.१ मि.ग्रॅ./लिटर, १ जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.८. वॉशिंग मशीन किंवा डिशवॉशरमध्ये जडपणाचा आकडा भरताना कोणतं माप आहे ते आधी बघा. जर्मन अंशांच्या जागी मिलिग्रॅम समजून आकडा भरला तर सगळा हिशेब कोसळतो.

घरच्या घरी कसं मोजायचं?

नुसता अंदाज हवा असेल तर साबणाची चाचणी करा. पारदर्शक बाटली एक तृतीयांश भरा, तिच्यात साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा. मऊ पाण्यात वर दाट फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसतं. जड पाण्यात फेस नावापुरता, पाणी दुधाळ आणि काठाला पांढरा चिकट साका. यासाठी डिटर्जंट किंवा शाम्पू वापरू नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो. शेजारी डिस्टिल्ड पाण्याची तशीच एक बाटली ठेवली तर फरक लगेच कळतो.

खरा आकडा हवा असेल तर थेंब मोजायचं टेस्ट किट घ्या. कुपीत रेषेपर्यंत पाणी, मग किटमधलं बफर (पाण्याची आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), मग रंगद्रव्य. जडपणा असेल तर पाणी गुलाबी-लाल होतं. आता ईडीटीएचे (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून ठेवणाऱ्या रसायनाचे) थेंब एकेक करून टाकायचे आणि प्रत्येक थेंबानंतर कुपी फिरवायची. रंग लालवरून जांभळ्यावर येतो आणि मग एका थेंबात स्वच्छ निळा होतो. जांभळ्यावर थांबू नका. तिथे थांबलं की आकडा कमी येतो, आणि सर्वांत जास्त होणारी चूक हीच आहे. थेंब फारच लागत असतील तर निम्मं पाणी आणि निम्मं डिस्टिल्ड घ्या, आलेला आकडा दुप्पट करा.

कागदी पट्ट्या ढोबळ अंदाजाला पुरतात, पण सॉफ्टनरचा, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचा, हिशेब करायला नाही.

टीडीएस मीटर आहे. त्याने कळणार नाही का?

नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात कॅल्शियम किती, सोडियम किती, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा टीडीएस जवळजवळ सारखाच दिसतो. चांगला चालणारा सॉफ्टनर निव्वळ या मीटरच्या भरवशावर ‘बिघडला’ ठरवला जातो, हे टाळा.

उकळून, गाळून किंवा तुरटी फिरवून पाणी मऊ होतं का?

उकळल्याने फक्त तात्पुरता जडपणा बराचसा कमी होतो. पाणी निवल्यावर खालचा साका न हलवता वरचं ओतून घ्यायचं. कापड, कँडल फिल्टर किंवा यूव्ही यांचा जडपणाशी काही संबंध नाही. उलट यूव्हीच्या काचेवर पुट चढलं की प्रकाश अडतो आणि जंतू मारायचं त्याचं मूळ कामच ढिलं पडतं. तुरटी गढूळपणा बसवते, जडपणा काढत नाही. ती बायकार्बोनेटशी संयोग पावते तेव्हा तात्पुरत्या जडपणाचा काही भाग कायमच्यात बदलतो.

प्यायला अपायकारक आहे का? मुतखडा होतो म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. मॅग्नेशियम आणि सल्फेट दोन्ही जास्त असतील तर नवख्या माणसाचं पोट ढिलं होऊ शकतं. मुतखड्याच्या बाबतीत पाणी पुरेसं पिणं हे त्याच्या जडपणापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. ज्यांना खडा होऊन गेलाय त्यांनी डॉक्टरांना विचारावं. एक मात्र ध्यानात ठेवा: बोअरच्या पाण्यात नायट्रेट, फ्लोराइड किंवा जंतू असू शकतात. त्यांची तपासणी वेगळी करावी लागते, जडपणाचा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

गीझरचं काय होतं? तो कडकड, खदखद आवाज कसला?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पाण्यात २५० मि.ग्रॅ./लिटर तात्पुरता जडपणा आहे आणि गीझरमधून रोज १०० लिटर पाणी जातं असं धरू. रोज २५ ग्रॅम, वर्षाला ९ किलोंहून जास्त चुना (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट) त्या टाकीतून जातो. सगळा बसत नाही, पण त्याचा दहावा हिस्सा बसला तरी जवळजवळ किलोभर होतो.

हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. एलिमेंटची उष्णता आतच कोंडते, धातू प्रमाणाबाहेर तापतो, थर्मल कटआउट पुन्हा पुन्हा पडतो आणि शेवटी एलिमेंट जळतं. थराखाली अडकलेलं पाणी वाफ होऊन फुटतं, तोच तो आवाज.

काय करायचं:

तापमान ५५ ते ६० अंशांवर ठेवा. ६० च्या वर थर झपाट्याने धरतो. फार खालीही नेऊ नका, कारण ५० च्या खाली साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतो.

साठवणीच्या गीझरचं एलिमेंट वर्षातून एकदा काढून साफ करून घ्या, फार जड पाण्यात सहा महिन्यांनी. एमसीबी बंद करायचा, टेस्टरने वीज नाही ना ते बघायचं, पाणी निवू द्यायचं, येणारा व्हॉल्व्ह बंद करून टाकी रिकामी करायची, मग फ्लँजचे नट सोडायचे. विजेच्या कामाचा सराव नसेल तर इथे इलेक्ट्रिशियनच हवा. एलिमेंट बाहेर आल्यावर खरवडू नका, वरचं आवरण ओरखडलं की तिथून गंज धरतो. सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात बुडवून ठेवा. टाकीच्या तळाशी अंड्याच्या टरफलांसारख्या खपल्या साचलेल्या असतात, त्या हाताने काढाव्या लागतात. बसवताना गॅस्केट नवीनच टाका. टाकी भरताना गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा आणि सलग धार आल्यावरच वीज द्या. कोरडं एलिमेंट क्षणात जळतं.

त्याच वेळी मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड बघा. टाकीऐवजी तो झिजतो आणि टाकीला गंजण्यापासून वाचवतो. आतली तार उघडी पडली असेल किंवा रॉड झिजून बोटाएवढा उरला असेल तर बदला.

आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. त्याच्या तोंडाशी चुना बसला की तो अडकतो आणि दाब वाढला तरी उघडत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी त्याची कळ क्षणभर उचलून पाणी सुटतं का बघा. हात दूर ठेवा, पाणी पोळतं. कळ हलत नसेल तर व्हॉल्व्ह लगेच बदला. एलिमेंट जळालं तर गैरसोय होते, हा व्हॉल्व्ह अडकला तर जिवावर बेततं.

थर काढायला काय वापरावं: व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड की टॉयलेटचं ॲसिड?

घरासाठी आमची पसंती सायट्रिक ॲसिडला. एक ग्रॅम चुना विरघळवायला सुमारे १.३ ग्रॅम लागतं. केटलसाठी लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम. एलिमेंटसाठी लिटरला ५० ते १०० ग्रॅम. पाणी कोमट ते गरम असावं, उकळतं नको. कॅल्शियम सायट्रेट जितकं गरम तितकं कमी विरघळतं, त्यामुळे द्रावण उकळलं की जुन्या थराच्या जागी नवी पांढरी भुकटी बसते. बुडबुडे येणं थांबलं आणि थर उरला असेल तर ॲसिड संपलंय, द्रावण बदला. व्हिनेगरही चालतं. ५ टक्क्यांच्या एका लिटरमध्ये साधारण ४० ग्रॅम चुना विरघळतो, पण वेळ जास्त लागतो आणि वास राहतो.

बुडबुडे आलेच नाहीत तर तो थर कार्बोनेटचा नाही. सल्फेट किंवा सिलिका असावं, आणि त्यावर ही सौम्य आम्लं चालत नाहीत.

टॉयलेटचं हायड्रोक्लोरिक ॲसिड नळांना लावू नका. क्रोम उडतो, स्टीलला खड्डे पडतात. संगमरवर तर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे, त्यावर लिंबाचा रससुद्धा डाग पाडतो. ॲल्युमिनियमलाही आम्ल लावू नये. आणि कोणतंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळू नका, क्लोरिन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

शॉवरची अर्धी भोकं बंद, नळाची धार वाकडी. मोडतोड न करता काय करता येईल?

शॉवर: प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घ्या, चाळणी बुडेल अशी पिशवी वर चढवून रबराने आवळा. साध्या क्रोमला अर्धा तास पुरे, मग बघून पुन्हा. रबरी टोकं असतील तर अंगठ्याने चोळली तरी कण सुटतात. सुईने भोकं मोठी करू नका.

नळ: तोंडाशी असलेली जाळी फिरवून काढा. पान्याखाली कापड घ्या, नाहीतर दात उमटतात. आतले भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवा, मग तासभर सायट्रिक ॲसिडमध्ये. वॉशर उलटा बसला की नळ गळतो. जाळीत सोनेरी-तपकिरी मोहरीपेक्षाही बारीक मणी सापडले तर ते रेझिन आहे, म्हणजे सॉफ्टनरमधले कॅल्शियम धरून ठेवणारे मणी: सॉफ्टनरची तळची गाळणी फुटलीय.

काच आणि टाइल्स: वापरल्यावर वायपर फिरवा. पाणी वाळलंच नाही तर डाग पडत नाही. इतकं साधं आणि इतकं परिणामकारक दुसरं काही नाही.

कपडे करपटल्यासारखे कडक आणि मळकट होतात. पावडर वाढवावी का?

साबण कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा साका होतो आणि तोच धाग्यांत अडकतो. म्हणून जड पाण्यात साबणाऐवजी डिटर्जंट वापरा, पाकिटावर जड पाण्यासाठी दिलेलं माप घ्या. त्यापलीकडे वाढवून खळबळायलाच पाणी जास्त लागतं.

हाताने धुत असाल तर धुण्याचा सोडा उपयोगी पडतो. ३०० मि.ग्रॅ./लिटर जडपणाच्या २० लिटर पाण्यात ६ ग्रॅम जडपणा असतो. त्याला साधारण साडेसहा ग्रॅम कोरडी सोडा पावडर लागते, म्हणजे एक भरलेला छोटा चमचा. स्फटिकाच्या रूपात असेल तर १७ ग्रॅम. दहा मिनिटं थांबा, पाणी दुधाळ होऊन साका बसेल, मग वरचं पाणी घ्या. लोकर आणि रेशमाला सोडा नको, आणि हातमोजे घाला.

मशीनमध्ये दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून ६० अंशांचं चक्र चालवा. त्या फेरीत डिटर्जंट किंवा ब्लीच अजिबात नको.

नळाला किंवा शॉवरला लावायचा छोटा फिल्टर पाणी मऊ करतो का?

हिशेब करून बघा. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं. छोट्या फिल्टरमध्ये समजा १५० मिलिलिटर रेझिन आहे, तर क्षमता साडेसात ग्रॅम. ४०० मि.ग्रॅ./लिटरच्या पाण्यात ते १९ लिटरला संपतं. एक बादली! त्यानंतर तो फिल्टर नुसता नळाला लटकलेला असतो. क्लोरिन किंवा गाळ काढायला तो ठीक, जडपणासाठी नाही.

मग सॉफ्टनर किती मोठा घ्यावा?

रोजचं पाणी गुणिले जडपणा. ६०० लिटर आणि ४०० मि.ग्रॅ./लिटर म्हणजे रोज २४० ग्रॅम. २५ लिटर रेझिनची क्षमता १२५० ग्रॅम, म्हणजे पाच दिवस. थोडी राखीव ठेवून चौथ्या दिवशी रिजनरेशन करा, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करा. फक्त बाथरूम आणि वॉशिंग मशीनची लाइन जोडली तर याहून बराच लहान पुरतो.

रिजनरेशनला लिटर रेझिनमागे १२० ग्रॅम मीठ धरा, इथे ३ किलो. एका लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅमच मीठ विरघळतं, म्हणून निदान साडेआठ लिटर पाणी हवं. क्रम असा: उलटं धुणं दहा मिनिटं, मिठाचं पाणी सावकाश २० ते ३० मिनिटं, मग तितकाच वेळ संथ खळबळणं, शेवटी जोरात धुणं. मिठाचं पाणी पाच मिनिटांत ओढून घेतलं तर रेझिनला अदलाबदलीची सवड मिळत नाही आणि मीठ गटारात जातं.

पाण्यात लोह असेल तर सॉफ्टनरच्या आधी ते काढा. रेझिनवर तांबूस लेप बसला की क्षमता घटत जाते, आणि नुसत्या मिठाने तो निघत नाही.

रिजनरेशन केलं तरी पाणी जडच येतं.

या क्रमाने तपासा. आधी बायपास व्हॉल्व्ह: अर्धवट उघडा राहिलेला असतो आणि जड पाणी मऊ पाण्यात मिसळतं. मग मिठाची टाकी: वर मीठ दिसतं, पण मध्ये कडक पापडी धरून खाली पोकळी झालेली असते. लाकडी दांड्याने हलके टोचून फोडा. त्यानंतर इंजेक्टर, म्हणजे मिठाचं पाणी ओढून घेणारा भाग: मातीकट खड्याच्या मिठाने त्याचं बारीक भोक बुजतं आणि टाकीतली पातळी रिजनरेशनमध्ये खाली जातच नाही. काढून धुवा, पुढे स्वच्छ मीठ वापरा. मग ड्रेनचा पाइप दुमडलाय का बघा. हे सगळं ठीक असेल तर व्हॉल्व्हच्या आतलं सील किंवा दमलेलं रेझिन यांच्याकडे वळा.

सॉफ्टनरचं पाणी प्यावं का?

दर १०० मि.ग्रॅ. जडपणामागे लिटरला ४६ मि.ग्रॅ. सोडियम वाढतं. ४०० चं पाणी मऊ केलं तर १८४ मि.ग्रॅ. रक्तदाबामुळे मीठ कमी केलेल्यांनी आणि बाळाचं दूध तयार करायला ते टाळावं. स्वयंपाकघराचा एक नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवा. कडधान्यं शिजायला वेळ लागतो ही तक्रार खरी आहे, कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट करतं. पण त्यासाठी भांडंभर आरओचं पाणी पुरतं.

मऊ पाण्याने अंघोळ केल्यावर साबण निघतच नाही असं वाटतं.

साका होत नसल्याने अंग बुळबुळीत लागतं. साबण निम्म्याने कमी करा.

केस गळणं आणि त्वचेचे त्रास थांबतील का?

जड पाण्यात केस राठ होतात, साबणाचा साका त्यावर बसतो. ईडीटीए असलेला शाम्पू आठवड्यातून एकदा आणि शेवटी लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर टाकून खळबळणं, एवढ्याने फरक पडतो. गळतीला कारणं अनेक असतात, ती पाण्यावर ढकलून तपासणी लांबवू नका. एक्झिमाबद्दल इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले: सॉफ्टनर लावल्याने नेहमीच्या उपचारांपलीकडे एक्झिमा कमी झाला नाही. त्या आशेवर मोठा खर्च करू नये.

पाइपावर लावायचे चुंबक किंवा इलेक्ट्रॉनिक कंडिशनर?

ते कॅल्शियम काढत नाहीत, टेस्ट किटचा आकडा तोच राहतो आणि साबणाचा त्रासही. थर कमी होतो का, याचे निकाल इतके उलटसुलट आहेत की आम्ही ते घ्या म्हणणार नाही. गीझरपुरता इलाज हवा असेल तर पॉलिफॉस्फेटचं कार्ट्रिज अधिक भरवशाचं. ते स्फटिक चिकटू देत नाही. पाणी फार तापलं की त्याचा गुण जातो, म्हणून तापमान ६० च्या आत ठेवा आणि खडे संपत आले की भरत जा.

आरओमधून वाया जाणारं पाणी आणि सॉफ्टनरचं पाणी झाडांना घालावं का?

आरओच्या सांडपाण्यात मूळचे क्षार आणखी दाट झालेले असतात. फ्लशला आणि बाहेरची फरशी धुवायला ठीक, गीझरच्या लाइनला किंवा गाडी धुवायला नको, पांढरे ठिपके पडतात. कुंडीत रोज घातलं तर मातीवर पांढरी पापडी धरते. सॉफ्टनरचं पाणी झाडांना त्याहून वाईट: सोडियममुळे माती घट्ट होते आणि पाणी जिरेनासं होतं. झाडांना मूळचं जड पाणीच बरं, आणि पावसाचं साठवलेलं मिळालं तर तेच घाला.